पुलावर अडवलेला चंद्र

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी सव्वाबारा वाजता दैनिकाच्या छायाचित्रकाराला संपादकांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. तो आत गेला तेव्हा टेबलावर मागच्या महिन्याचं पहिलं पान पसरलेलं होतं. पानावर चंद्र छापलेला होता आणि चंद्राभोवती लाल पेनाने एक गोल काढलेला होता.

"हे काय आहे?" संपादकांनी विचारलं.

"चंद्र, सर."

"कशावरून?"

छायाचित्रकाराने वाकून लाल गोलात पाहिलं.

"एका वाचकाचं पत्र आलंय. हा दवाखान्यासमोरचा दिवा आहे म्हणतो."

"चंद्रच आहे, सर. दिवा शेजारी होता. तो मी कापला."

"चंद्र कापून दिवा ठेवला नाहीस कशावरून?"

फोटो काढताना त्याला खात्री होती, पण महिनाभराने त्या पांढऱ्या वाटोळ्याकडे पाहताना तोही थोडा डळमळला.

"नवी लांब लेन्स दिलीय ना तुला ऑफिसने? हातभर लांब आहे. तिचा उपयोग कर," संपादक म्हणाले. "आणि नुसता चंद्र आणू नकोस. चंद्र लोकांना फुकट दिसतो. चंद्राच्या बाबतीत काहीतरी घडलं पाहिजे."

"चंद्राच्या बाबतीत काय घडणार, सर?"

"ते तू बघ. साडेआठला पहिलं पान छपाईला सुटतं. आठपर्यंत फोटो माझ्या टेबलावर पाहिजे. नाही आला तर सोमवारपासून तू निधनवार्तांच्या पानावर."

ही धमकी लहान नव्हती. निधनवार्तांच्या पानावर छायाचित्रकाराचं काम एवढंच असे, की नातेवाइकांनी आणलेल्या गटफोटोतून गेलेल्या माणसाचा चेहरा वेगळा काढायचा आणि त्याच्या खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात पुसायचा. त्या जागेवर आधी असलेल्या गृहस्थांनी नऊ वर्षांत एकदाच चूक केली आणि शेजाऱ्याचा चेहरा ठेवून बाकीचं पुसलं. शेजारी दुसऱ्या दिवशी स्वतः भेटायला आला होता. चौदा वर्षं पुरांच्या, आगींच्या आणि मोर्च्यांच्या मागे धावलेल्या आपल्या छायाचित्रकाराला त्या खुर्चीची कल्पनाही सहन होत नव्हती.

घरी जेवताना त्याने बायकोला बेत सांगितला. शहराच्या पूर्वेला जाणारा सरळ रस्ता, त्यावर चौकालगतचा पादचारी पूल, आणि पुलापलीकडे मोकळं आकाश. पावणेसातनंतर चंद्र बरोबर पुलामागून वर येणार होता. लांब लेन्सची गंमत अशी, की आपण जितकं मागे जाऊ तितका माणूस लहान होतो, चंद्र मात्र तेवढाच राहतो. दोनशे मीटरवरून पाहिलं तर पुलावरचा माणूस आणि चंद्र एका उंचीचे दिसतात. त्या माणसाने हात आडवा करून पंजा दाखवला, की त्याने चंद्राला अडवल्यासारखं वाटेल.

"छान आहे की," बायको म्हणाली. "मग अडलंय कुठे?"

"चंद्र त्या जागी दोनच मिनिटं असणार. हात आधीपासून तयार पाहिजे. पाच-सात मिनिटं, जराही न हलवता. मी आत्ता करून पाहिलं, दीड मिनिटात थरथरायला लागला."

"बाबांनी एकतीस वर्षं केलाय."

छायाचित्रकाराचा घास हातात राहिला. त्याचे सासरे वाहतूक खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. इतका सरळ उपाय आपल्याला सुचला नाही याचं त्याला वाईट वाटलं, आणि तो बायकोला सुचला याचं जरा जास्त.

सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कामाचं स्वरूप समजल्याशिवाय हो म्हणण्याची त्यांना सवय नव्हती.

"कोणता हात?"

"उजवा, बाबा. आडवा. पंजा माझ्याकडे."

"थांबवायचंय की सोडायचंय?"

"थांबवायचंय."

"कोणाला?"

"चंद्राला."

"कुठल्या बाजूने येतोय?"

"तुमच्या मागून."

"मागून येणाऱ्याला थांबवायचा हात वेगळा असतो, जावईबापू. पंजा तुमच्याकडे केला तर तो पुढून येणाऱ्यांसाठी झाला."

"पुलावर पुढून कोण येतंय, बाबा? पुलावर काय वाहनं असतात?"

"तेही खरंच," सासरे म्हणाले.

पुलावर वाहनं नसतात हे दोघांनाही पटलं. पुलाखाली असतात, हे दोघांपैकी एकाच्याही बोलण्यात आलं नाही.

साडेसहाला सासरे पुलावर हजर होते. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पेटीतून काढलेले पांढरे हातमोजे, आणि गळ्यात शिटी. कठड्यामुळे कमरेखालचं अंग झाकलं जाऊ नये म्हणून त्यांनी घरून लाकडी स्टूलही आणलं होतं. शिटी कोणी सांगितली नव्हती. हातमोजे घातले की ती आपोआप गळ्यात येते, असं त्यांनी नंतर सांगितलं. खालच्या चौकातला सिग्नल सकाळपासून बिघडला होता आणि नुसता पिवळा उघडझाप करत होता.

दोनशे मीटर मागे, बसथांब्याच्या जरा पुढे, फुटपाथच्या कडेला तिपाई लावून छायाचित्रकार लेन्समध्ये डोळा घालून बसला. मागून मावळतीचा उजेड सासऱ्यांच्या तोंडावर पडत होता आणि त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लागलंय हेसुद्धा इतक्या लांबून दिसत होतं. फोन दोघांच्याही कानात होता.

"बाबा, अर्धं पाऊल डावीकडे."

"माझ्या की तुमच्या?"

"माझ्या."

"तुमच्या डावीकडे स्टूल संपतंय."

"मग स्टूल सरकवा. हां. बस्स. आता हात."

सहा सत्तेचाळीसला हात वर आला. खांद्याच्या रेषेत, कोपर ताठ, बोटं जुळलेली, पंजा समोर. छायाचित्रकाराने आजवर मंत्र्यांचे, पहिलवानांचे आणि पुतळ्यांचे हात टिपले होते, पण इतका ठाम हात पाहिला नव्हता. तो लेन्समध्ये पाहत राहिला.

तो हात त्याच वेळी रस्त्यावरच्या आणखी काही जणांनी पाहिला. पहिली थांबली ती एक स्कूटर. स्कूटर थांबली म्हणून रिक्षा थांबली, आणि रिक्षा थांबलेली पाहून मागच्या टेंपोवाल्याला वाटलं की पुढे काही तरी आहे. सिग्नल बंद पडलेल्या चौकात माणसं नाहीतरी कोणीतरी सांगण्याचीच वाट पाहत असतात. सांगणारा नेहमी खाली उभा असतो, हा वर का, असं विचारण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. दोन मिनिटांत रांग तिपाईपर्यंत आली, आणि एका बसने जागा मिळेल तिथे, म्हणजे फुटपाथला घासून, तिपाईच्या बरोबर पुढे ब्रेक लावला.

लेन्समध्ये एकदम अंधार झाला. छायाचित्रकाराने झाकण पडलं का पाहिलं. झाकण खिशात होतं. त्याने फोकस फिरवत फिरवत अगदी जवळ आणला, तेव्हा जिथे चंद्र यायचा होता तिथे एक गंजलेला स्क्रू स्वच्छ दिसू लागला.

बसच्या मागच्या दारातून कंडक्टर वाकून पाहत होता. "काय काढताय?"

"चंद्र."

"इथून?"

"तुमची बस बाजूला झाली तर."

"आमच्या हातात काय आहे? पुलावरून हात आहे. तो खाली आला की निघालो."

छायाचित्रकाराने मान लांब करून बसच्या पलीकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मग कानातला फोन नीट बसवला.

"बाबा, हात खाली घ्या."

"का? आला चंद्र?"

"चंद्र नाही. वाहनं थांबलीत."

"कुठली?"

"खाली बघा जरा."

एकतीस वर्षांत हात वर असताना खाली पाहण्याची सासऱ्यांना कधी गरज पडली नव्हती, त्यामुळे थोडा वेळ गेला. मग फोनमधून त्यांचा आवाज आला. तो तोच आवाज होता, पण दहा वर्षांनी लहान.

"हो की. बरीच आहेत."

"तुम्ही हात खाली घ्या, म्हणजे जातील."

"असा एकदम हात सोडता येत नाही, जावईबापू. आडव्या रस्त्यावरचेही आता अर्धे चौकात आलेत. मी हात सोडला तर सगळे एकदम घुसतील. एकदा थांबवलं की रीतसरच सोडावं लागतं."

"मग नुसती बस सोडा. माझ्यासमोरची."

"नुसती बस सोडता येत नाही. बस सोडायची तर लेन सोडावी लागेल, आणि लेन सोडायची तर आधी आडवा रस्ता मोकळा करून बंद करावा लागेल."

"बाबा, दोन मिनिटांत चंद्र वर निघून जाईल."

"त्याच्या पुढे काही अडथळा आहे का?"

"नाही."

"मग जाऊ दे त्याला. ज्यांच्या पुढे अडथळा आहे त्यांचं आधी बघतो."

फोन खिशात गेल्याचा खसखस आवाज आला आणि पाठोपाठ शिटी वाजली. ती फोनशिवायही ऐकू आली.

शिटी वाजत असतानाच दुसरा फोन आला. संपादकांचा.

"कुठे आहेस तू? सरळ रस्त्यावर सगळं ठप्प झालंय. पुलावर कोणी वेडा स्टुलावर चढून हातवारे करतोय. मी कसाबसा पुढे सरकून अगदी त्याच्या पायाखाली आलोय, तरी सोडत नाही. खालून नुसते बुटांचे तळवे दिसतायत मला."

"सर, चंद्र…"

"चंद्र राहू दे. हा माणूस मला पहिल्या पानावर पाहिजे. चेहऱ्यासकट. उद्या अख्ख्या शहराने त्याला ओळखलं पाहिजे. तुला जमत नसेल तर सोमवारचं लक्षात आहे ना?"

छायाचित्रकार हो म्हणाला. कशाला म्हणाला हे त्याचं त्यालाच नीट कळलं नाही.

एवढ्यात आडवा रस्ता मोकळा झाला असावा, कारण बस हलली. हळूहळू स्क्रू गेला, खिडक्या गेल्या आणि लेन्समध्ये पूल आला. पुलामागे चंद्र आला होता. तांबूस, भलामोठा, सासऱ्यांच्या उंचीचा. सासऱ्यांचा डावा हात बसच्या लेनला या या म्हणत होता आणि उजवा हात आडव्या रस्त्याला थोपवून होता. त्या उजव्या हाताचा पांढरा पंजा चंद्राच्या बरोबर मध्यावर टेकला होता. चंद्र थांबला आहे, आणि का थांबवलं हे विचारण्याची त्याची हिंमत नाही, असं अगदी स्पष्ट दिसत होतं. छायाचित्रकाराने श्वास रोखून चौदा फ्रेम घेतल्या. पंधराव्या फ्रेमला चंद्र पंजातून सुटून वर गेला.

सात वाजून पाच मिनिटांनी चौक मोकळा होता. सासऱ्यांनी स्टूल काखेत घेतलं, हातमोजे काढून खिशात ठेवले आणि ते जिना उतरून घरी गेले.

ऑफिसकडे जाताना बायकोचा फोन आला.

"बाबांनी कसं केलं?"

"उत्तम केलं."

"चेहरा नीट आलाय ना? फिरायला येणाऱ्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलंय, उद्या पहिलं पान बघा म्हणून."

"चेहरा एकदम स्पष्ट आलाय."

"मग आवाज असा का?"

"चेहरा संपादकांनाही पाहिजे," तो म्हणाला.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याने नववी फ्रेम उघडली. ती एवढी चांगली होती की त्याला रडू येणं बाकी होतं. फोटो दिला तर नोकरी राहत होती आणि सासरे शहराचे गुन्हेगार होत होते. नाही दिला तर सोमवारपासून तो शेजाऱ्यांचे हात पुसणार होता. पावणेआठपर्यंत त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला. मग माउस उचलला आणि सासऱ्यांचं डोकं कापलं. डोकं, खांदे, स्टूल, पूल, खालचा रस्ता, सगळं गेलं. उरला तो उजवीकडून आत आलेला एक हात, पांढरा पंजा आणि पंजाखाली अडलेला चंद्र.

आठ वाजून दहा मिनिटांनी संपादक आले. त्यांचा चेहरा ते आले त्या रस्त्यासारखाच तापलेला होता.

"तो माणूस कुठे आहे?"

"मी पुलाशी पोचलो तोवर तो उतरून गेला होता, सर."

हे खोटं नव्हतं. पुलाशी तो पोचला तेव्हा सासरे खरंच गेले होते.

"मग काय आहे तुझ्याकडे?"

त्याने फोटो दाखवला. संपादक पडद्याशी वाकले. "हात कोणाचा?"

"एका हौशी माणसाचा."

"असं पाहिजे," संपादक म्हणाले. "याला म्हणतात घडणं."

सकाळी पहिल्या पानावर चार कॉलम चंद्र होता. त्याच्या बरोबर खाली, जागा होती म्हणून, संपादकांनी स्वतः लिहिलेली बातमी होती: 'अज्ञात इसमाच्या उपद्व्यापाने सरळ रस्त्यावर कोंडी'.

साडेदहा वाजता अज्ञात इसम ऑफिसात आला. शर्ट इस्त्रीचा होता, बगलेत अंक होता आणि मागे लगबगीने येणारी मुलगी होती.

"मी नको म्हणत होते," बायको नवऱ्याला म्हणाली. "ऐकतायत कुठे."

"बाबा, आपण संध्याकाळी घरी बोलू."

"घरी कशाला? छापलंय इथे." सासऱ्यांनी केबिनचं दार वाजवलं आणि आत जाऊन अंक टेबलावर ठेवला. मग खिशातून हातमोजा काढून उजव्या हातात घातला आणि तो हात फोटोशेजारी धरला. बोटं जुळलेली, कोपर ताठ.

संपादकांनी फोटोकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

"माझ्या तक्रारी दोन आहेत," सासरे म्हणाले. "वर माझं डोकं नाही. आणि खाली मला अज्ञात म्हटलंय. मी या शहरात एकतीस वर्षं चौकात उभा होतो. अर्ध्या शहराला मी थांबवलंय. अज्ञात कसा?"

"म्हणजे तो पुलावरचा माणूस तुम्ही?" संपादकांचा आवाज चढू लागला. "कोणाच्या सांगण्यावरून चढला होतात?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं नाही. त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं.

"जावई आहेत माझे," ते म्हणाले. "त्यांचं काम बरोबर होतं. जागा चुकली, ती दोघांची मिळून. पण कोंडी माझ्यामुळे झाली हे लिहिलंय ते चूक आहे. सगळे शिस्तीत उभे होते, मी सहा मिनिटांत मोकळं करत होतो. एकाने मध्ये घोळ घातला म्हणून अठरा मिनिटं लागली. पूर्ण फोटो असेल तर त्यात येईल."

"पूर्ण फोटो आण," संपादक छायाचित्रकाराला म्हणाले. "उद्या तोच छापू. चेहऱ्यासकट. आणि सोमवारी तू कुठे बसायचंस ते माहीत आहे तुला."

छायाचित्रकाराने केबिनमधल्या कॉम्प्युटरवर नववी फ्रेम उघडली. सासऱ्यांचा चेहरा आला. मुलगी म्हणाली, "बाबा, छान आलात." संपादकांनी चष्मा पुढे केला.

"अजून खाली घ्या, जावईबापू," सासरे म्हणाले.

कठडा आला. स्टुलाचे पाय आले. पूल आला. पुलाखाली वाहनांच्या तीन रांगा आल्या, शाळेतल्या मुलांसारख्या एकामागे एक. आणि दुभाजकाच्या पलीकडे, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये, उलट्या बाजूने घुसलेली एक करडी गाडी आली. चालकाचा एक हात खिडकीबाहेर होता. दुसरा फोनसकट कानाला होता.

"हा," सासरे म्हणाले. "याच्यामुळे पलीकडची बस वळेना, बस वळेना म्हणून आडवा रस्ता सुटेना. जरा मोठं करा. नंबर दिसेल."

लेन्स चांगली होती. नंबर दिसला. मागच्या काचेवर चिकटवलेला दैनिकाचा शिक्काही दिसला.

छायाचित्रकाराने संपादकांकडे पाहायचं टाळलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं. सहा एक्कावन्न. त्या मिनिटाला आपण फोनवर कोणाशी बोलून उठलो होतो, हे आठवायला त्याला कष्ट पडले नाहीत.

"हे छापा," सासरे म्हणाले. "लोकांना कळू दे कोंडी कशी होते."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते सावकाश म्हणाले. "छायाचित्र म्हणून पाहिलं तर… कापलेलंच जास्त चांगलं आहे."

"आणि अज्ञात?"

"ते उद्या दुरुस्त करू. तुमचं नाव देऊ. कोंडी सोडवणारे निवृत्त हवालदार म्हणून. फोटोही देऊ, चेहऱ्याचा. खांद्यापर्यंत." मग ते छायाचित्रकाराकडे वळले. "ही मूळ फ्रेम आणखी कोणाकडे आहे?"

"माझ्याकडेच, सर."

"नीट ठेव. आणि निधनवार्तांकडे माणूस लागणार आहे तो मी बाहेरून बघतो. पहिल्या पानाला तुझी गरज आहे, हे मी कालच ठरवलं होतं."

जिना उतरताना बायको पुढे होती आणि कोणाला तरी फोनवर उद्याचं पान बघायला सांगत होती. छायाचित्रकार सासऱ्यांच्या बरोबरीने चालत होता.

"बाबा, ती गाडी कोणाची ते तुम्हाला माहीत होतं?"

"काल नव्हतं. आज वर येताना कळलं. फाटकापाशी उभी आहे, दोन चाकं फुटपाथवर. कोणाची ते पहारेकऱ्याला विचारलं."

"मग आत बोलला का नाहीत?"

सासऱ्यांनी हातमोजा नीट घडी करून खिशात ठेवला.

"पहिल्या वेळेला नुसती ताकीद द्यायची असते," ते म्हणाले.